आठव्या स्लॅबपर्यंत

४ एप्रिल २०१३, गुरुवार. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास शीळफाट्यावरच्या लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. मुंब्र्याजवळचा हा भाग ठाणे महापालिकेच्या हद्दीत येतो. इमारत पडायला काही सेकंद लागले असतील, उभी राहायला काही आठवडे लागले होते. मोजायचे ते आठवडे.

उरले काही आठवडे

पाया खणला जातो. कायद्याने चालणाऱ्या बांधकामात याआधी नकाशा मंजूर होतो, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते, आणि नंतर जोते झाले की पालिकेचा माणूस येऊन तपासून जातो. इथे परवानगीच नव्हती, त्यामुळे तपासायला कोणी येण्याचा प्रश्नच नव्हता. जमीन वन खात्याची असल्याचे नंतर सांगितले गेले. पण इमारत काही खिशात लपवता येत नाही. खडीचे ट्रक येतात, मिक्सर दिवसभर घरघरतो, प्रत्येक स्लॅब रस्त्यावरून दिसतो. मजल्यामागून मजला चढला आणि ते न दिसण्याची किमया संबंधितांना साधली.

उरले २८ दिवस

काँक्रीटचे स्वतःचे घड्याळ असते. आयएस ४५६ हे भारतीय मानक काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या क्यूबवर मोजते. स्लॅब साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचा असेल तर खालचे टेकू साध्या सिमेंटला किमान ७ दिवस काढायचे नाहीत, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. या दिवसांत पाणी मारायचे, स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचे, कॉलमला ओले गोणपाट गुंडाळायचे. ज्या इमारतीचे सात मजले काही आठवड्यांत होतात, तिथे खालचे काँक्रीट पुरते पक्के व्हायच्या आत वरचा भार त्याच्यावर येऊन बसतो. हे गणित कुठल्याही सेंट्रिंगवाल्याला तोंडपाठ असते.

जालन्यातल्या वाचकाला हे ठाण्याचे दुखणे वाटेल. पण जालन्याच्या रोलिंग मिलमधली सळई राज्यभर जाते. सळईवर शिक्का असतो. ती कॉलममध्ये किती घातली, रिंगा किती अंतरावर बांधल्या, हे जागेवर उभे राहून कोणीतरी पाहावे लागते. बाँडवर घेतलेल्या गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर मिस्त्रीच्या अंदाजाने चढलेला दुसरा मजला आपल्याकडे कोणी पाहिला? २०२३ मध्ये जालन्याची नगरपालिका जाऊन महापालिका आली. पाट्या लगेच बदलल्या. साइटवर जाणारी माणसे वाढवायला पाटीपेक्षा जास्त वेळ लागतो.

उरले काही दिवस

आता सगळ्यात हुशारीचा डाव. काम चालू असतानाच खालचे मजले माणसांनी भरायचे. लकी कंपाउंडमध्ये चार मजल्यांवर वस्ती होती, बांधकामावरच्या मजुरांची कुटुंबेही त्यात होती. भोगवटा प्रमाणपत्र कुठून असणार? पण खिडकीत वाळत घातलेले कपडे दिसले की पालिकेचा हातोडा थबकतो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६० खाली नोटीस काढता येते, बांधकाम पाडता येते. घरात चूल पेटलेली असली की तेच काम माणुसकीचा, पोलीस बंदोबस्ताचा आणि मतांचा प्रश्न होऊन बसते. बेकायदा बांधकामात राहणारा माणूस बिल्डरला स्थगिती आदेशासारखा उपयोगी पडतो, आणि हे त्या माणसाला बहुधा ठाऊकही नसते. स्वस्तात छप्पर मिळाले, एवढेच त्याला कळते.

गुरुवार, दिवसभर

सात मजले झालेले, आठव्याचे काम चालू. वर मजूर, खाली बायका-पोरे.

साडेसहा

इमारत स्वतःवरच बसली.

रात्र

आधी धावले ते आजूबाजूचे लोक, हाताने ढिगारा उपसत. मग अग्निशमन दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, जेसीबी, गॅस कटर. एकावर एक बसलेल्या स्लॅबमध्ये यंत्र जपून चालवावे लागते, कारण आत कोणी जिवंत असेल तर तोच धक्का त्याला पुरतो.

शुक्रवार

मृतांचा आकडा तासातासाला वाढत गेला. दहा महिन्यांची एक मुलगी जिवंत निघाली. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या सरकारने महापालिकेचे उपायुक्त आणि एक वरिष्ठ पोलीस निरीक्षक यांना निलंबित केले. इतके आठवडे न दिसलेली इमारत झोपल्यावर एका दिवसात सगळ्यांना दिसली.

शनिवार, ६ एप्रिल

सुमारे ३६ तासांनंतर एक बाई जिवंत सापडली. त्याच दिवशी शोधकार्य संपले. ७४ मृतांत १८ मुले होती. पुढे बिल्डर, पालिकेचे अधिकारी, पोलीस, नगरसेवक अशा अटका होत गेल्या.

त्यानंतर

२०१७ मध्ये राज्याच्या नगररचना कायद्यात कलम ५२अ आले. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामे दंड भरून, अटींवर नियमित करता येतील, अशी सोय त्याने केली. गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या प्लॉटांसाठीच्या गुंठेवारी कायद्यातली मुदत २००१ वरून सरकत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. गरिबाचे घर वाचावे या हेतूला मी नावे ठेवणार नाही. अर्धे शहर पाडून टाका म्हणणारा माणूस मला तितकाच बेजबाबदार वाटतो. पण दंडाच्या पावतीने कॉलममधली सळई वाढत नाही, आणि पुढची मुदतवाढ गृहीत धरून आजही कुठेतरी स्लॅब पडतोच आहे.

२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी. मध्यरात्र उलटून काही मिनिटे झाली होती. विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा एक भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. १७ जण मेले. त्याच रात्री त्या इमारतीत एका वर्षाच्या मुलीचा वाढदिवस साजरा झाला होता. परवानगीशिवाय उभी राहिलेली ही इमारत २०१२ च्या सुमाराची. शीळफाट्यावर ढिगारा उपसला जात होता, तेव्हा ती विरारमध्ये उभी होती, आणि तिच्याकडे बारा वर्षे शिल्लक होती.