'दानझोंग' बिंदू : उपयोग आणि निषेध यांची परंपरा

प्रस्तावना : चिनी सूचिचिकित्सेतील 'दानझोंग' हा बिंदू छातीच्या मध्यरेषेवर, दोन्ही स्तनाग्रांच्या मध्यभागी, चौथ्या व पाचव्या बरगडीमधील जागेच्या पातळीवर मानला जातो. 'रेन' या मध्यवाहिनीवरील हा सतरावा बिंदू होय. या बिंदूचे उपचार ग्रंथांतून कसे बदलत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्राचीन संकल्पना : हान काळात आकारास आलेल्या 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथात दानझोंगला शरीररूपी राज्यातील दूताचे स्थान दिले असून आनंदाचा उगम तेथून होतो, असे मानले आहे. याच ग्रंथाच्या 'लिंगशू' भागात त्यास 'छी'चा, म्हणजे प्राणशक्तीचा, सागर म्हटले आहे. श्वास आणि छी यांचे नाते निकटचे असल्याने खोकला, दमा, छातीतील वेदना व उचकी यांवर हा बिंदू योजला गेला.

सुई की शेक : हुआंगफू मी (इ. स. २१५–२८२) यांच्या 'झेनजिउ जियायी जिंग' या ग्रंथात येथे तीन 'फेन', म्हणजे एका 'त्सुन'च्या तीनदशांश खोलीपर्यंत, सुई टोचण्यास अनुमती आहे. पुढे मात्र दृष्टी बदलली. सोंग काळात वांग वेइयी यांनी १०२७ मध्ये बिंदू दर्शविणारे कांस्यपुतळे घडविले. त्या परंपरेत या जागी सुईस मनाई असल्याची नोंद यांग जिझोउ यांच्या १६०१ च्या 'झेनजिउ दाचेंग'मध्ये आढळते. तेथे प्रसूतेस दूध न येण्यावर दानझोंगला सुई नव्हे, तर शेक सांगितला आहे. दवण्याच्या जातीतील वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा चुरा जाळून हा शेक देतात.

आधुनिक अनुभव : उरोस्थीत जन्मजात छिद्र सुमारे ५ टक्के व्यक्तींत आढळते. त्वचेवरून ते सहसा ओळखता येत नाही आणि त्याच्या मागे हृदय असते. अशा छिद्रातून सुई आत जाऊन हृदयावरणात रक्त साचल्याने रुग्ण दगावल्याची नॉर्वेतील घटना १९९५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आजच्या अध्यापनात येथे सुई सरळ न टोचता त्वचेखालून आडवी सरकविण्यास सांगितले जाते.

निष्कर्ष : जुन्या निषेधामागे या छिद्राचे ज्ञान होते, असा दावा करता येणार नाही. तथापि हा निषेध केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारणेही योग्य ठरत नाही. पारंपरिक वैद्यकाचा अभ्यास करताना ग्रंथांनी काय सुचविले याइतकेच त्यांनी काय वर्ज्य केले, हेही पाहिले पाहिजे. उपयोगांच्या याद्या नव्या पुस्तकांत सहज उतरतात. निषेध मात्र गळून पडतात आणि त्याची किंमत रुग्णास मोजावी लागते.