गरी, गाठ आणि बीजगणित

आयुष्यात माझी एकच गाठ पक्की बसली, ती लग्नाची. आणि तीही भटजींनी मारलेली. एरवी माझी निरगाठ आपोआप सुटते आणि सुरगाठ जन्मात सुटत नाही.

रत्नागिरीला मामांबरोबर खाडीवर गरवायला गेलो, तेव्हा व्हायचं तेच झालं. तांबोशी लागली, मी ओढलं, आणि हातात नुसता तंगूस आला. टोकाला गाठीची कुरळी आठवण तेवढी शिल्लक! मासा गरीसकट पसार. मामा काही बोलले नाहीत. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. कारण मामांना आता गरीचं नेढं दिसत नाही. गाठ मारायला म्हणून तर मला नेलं होतं.

घरी येऊन पुस्तकं धुंडाळली, तर या भानगडीत चक्क एक गणिताचे मास्तर निघाले! पूर्वी इंग्लंडात माशी बांधायच्या बारीक गऱ्यांना नेढं नसे. घोड्याचा केस किंवा रेशीमकिड्याची तात दांडीला दोऱ्याने गुंडाळत. तात झिजली की धडकी गरीही फुकट. १८७९च्या सुमारास हेन्री सिंक्लेअर हॉल यांनी या गऱ्यांना चांगलं नेढं आणलं. हॉल म्हणजे 'हॉल अँड नाइट'मधले हॉल! ज्यांची उदाहरणं वडिलांनी मला छडीच्या धाकाने सोडवायला लावली, तेच!

नेढं आलं तशी त्यात मारायची गाठ आली. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉन जाहीर झालं. तात आधी भिजवावी लागे, नायलॉनला ती कटकट नाही. पण अंग असं गुळगुळीत, की तातेवरच्या गाठी त्यावरून निसटायच्या. मग जास्त वेढ्यांच्या गाठी आल्या.

दुसऱ्या दिवशी मामा सांगत गेले, मी करत गेलो. तंगूस नेढ्यातून ओवायचा. टोकाचे मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे. टोक नेढ्याजवळच्या फटीतून काढायचं, मग त्यामुळे झालेल्या मोठ्या फाशातून परत. नंतर थुंकी लावून हळूहळू आवळायचं.

"थुंकी कशाला, मामा?"

"कोरडा ओढलास तर घासून तापतो रे, तिथंच तुटतो. घाई कसली? मासा कुठं ऑफिसात जायचाय?"

मामांनी गाठीवरून बोट फिरवलं, हिसका दिला. गाठ हलली नाही.

"हं," मामा म्हणाले.

हॉलसाहेबांच्या विषयात मला मिळालेले हे पहिले मार्क.