टॅरेंटुला पाण्यात पोहू शकतो का? बुडाला तर किती वेळ जगतो?

टॅरेंटुला हा मोठा, केसाळ कोळी जमिनीवर किंवा झाडावर राहतो. तरीही पाण्यात पडल्यावर तो दगडासारखा तळाला जात नाही. तो तरंगतो, पाय वल्ह्यासारखे मारत काठ गाठतो आणि पाण्याखाली गेला तरी काही काळ तग धरतो. मात्र त्याला पाण्यात श्वास घेता येत नाही. म्हणजे पाणी ही त्याच्यासाठी निभावून न्यायची वेळ असते, राहण्याची जागा नव्हे.

तो तरंगतो कसा?

टॅरेंटुलाच्या अंगावर दाट केस असतात आणि त्वचेवर मेणासारखा थर असतो. त्यामुळे पाणी अंगाला चिकटत नाही आणि केसांमध्ये हवा अडकून राहते. ही हवा त्याला वर उचलून धरते. कोळी पाण्याखाली गेला की हाच हवेचा थर चांदीच्या मुलाम्यासारखा चमकताना दिसतो.

मग श्वासाचं काय?

कोळ्याला आपल्यासारखं नाक नसतं. टॅरेंटुलाच्या पोटाच्या खालच्या बाजूला श्वसनाच्या अवयवांच्या दोन जोड्या असतात. पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पापुद्र्यांचे बनलेले असल्याने त्यांना ‘पुस्तक-फुफ्फुसे’ म्हणतात. हवा त्यांच्या फटींतून आत जाते. अंगावरचा हवेचा थर टिकून असेपर्यंत या फटींत पाणी शिरत नाही. शिवाय शांत बसलेल्या टॅरेंटुलाला प्राणवायू फारच कमी लागतो, त्यामुळे थोडी हवाही त्याला बराच वेळ पुरते.

साबणाचं पाणी मात्र कोळ्यासाठी घातक ठरतं. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, केस भिजतात, हवेचा थर फुटतो आणि पाणी थेट फुफ्फुसांपर्यंत पोहोचतं.

किती वेळ जगतो?

सर्व टॅरेंटुलांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. कोळ्याचा आकार, पाण्याचं तापमान आणि अंगावर टिकलेली हवा यांवर ते अवलंबून असतं. इतर कोळ्यांची उदाहरणं मात्र थक्क करणारी आहेत. कोस्टा रिकातला ‘ट्रेकॅलिया’ नावाचा कोळी माणसापासून लपण्यासाठी ३२ मिनिटं पाण्याखाली राहिल्याची नोंद २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रान्समधील रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी खाऱ्या दलदलीतले कोळी पाण्यात बुडवून ठेवले होते. कित्येक तासांनी हालचाल थांबल्यावर ते मेले असं समजून वाळत ठेवले, तर त्यांतले काही पुन्हा पाय हलवू लागले! ते मेले नव्हते, प्राणवायूअभावी बेशुद्धीसारख्या अवस्थेत गेले होते. हे संशोधन २००९ चं आहे.

खऱ्या अर्थाने पाण्यात राहणारा कोळी वेगळाच. युरोप आणि आशियाच्या काही भागांतला ‘आर्जिरोनेटा’ पाण्याखाली जाळ्याची घंटा विणतो, तिच्यात हवा भरतो आणि तिथेच राहतो. टॅरेंटुलाला हे जमत नाही.

सह्याद्रीच्या पावसात काय होतं?

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या इगतपुरीत तो ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. अशा घाटमाथ्यावर जमिनीत बीळ करून राहणाऱ्या जिवाला पाण्याशी सामना चुकत नाही. म्हणून सह्याद्रीतले टॅरेंटुला जागा निवडतानाच काळजी घेतात. काही जण उतारावरच्या किंवा दरडीच्या मातीत बीळ करतात, जिथे पाणी साचत नाही. बिळाला आतून रेशमाचं अस्तर असतं. माथेरानहून १८९९ मध्ये नोंदवलेला ‘हाप्लोक्लास्टस व्हॅलिडस’ बिळाच्या तोंडाला झाकणही करतो. ‘पोएसिलोथेरिया रेगॅलिस’ हा टॅरेंटुला झाडांच्या ढोलीत राहतो. तरीही बिळात पाणी भरलंच, तर कोळी बाहेर पडून कोरडी जागा शोधतो. त्यामुळे पावसाळ्यात घराच्या ओट्यावर मोठा कोळी दिसला, तर तो हल्ला करायला आलेला नसतो. त्याला हाताने धरू नका, कारण चावा वेदनादायक असू शकतो. डबा उपडा ठेवा, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि त्याला झाडीत सोडा.

पाळलेला टॅरेंटुला पाण्यात पडला तर?

- लगेच बाहेर काढून कोरड्या टिश्यू पेपरवर ठेवा. पोटाची खालची बाजू पाण्यात राहू देऊ नका.
- हेअर ड्रायर, ऊन किंवा दिव्याची उष्णता देऊ नका.
- हालचाल नसली तरी मेला असं ठरवू नका. हवा खेळेल अशा डब्यात निदान एक दिवस ठेवा.
- पिण्याच्या पाण्याची वाटी उथळ ठेवा. वाटीत बुडण्यापेक्षा सतत ओली, कोंदट माती जास्त धोक्याची असते.
- चित्रफितीसाठी त्याला मुद्दाम पाण्यात सोडू नका. तो पोहताना दिसतो तेव्हा खरं तर जीव वाचवत असतो.

कायदा काय सांगतो?

पोएसिलोथेरियाच्या सर्व प्रजाती २०१९ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. मेक्सिकोतला लाल गुडघ्यांचा टॅरेंटुलाही त्याच परिशिष्टात आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्समधल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली. असे विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणि सह्याद्रीतला कोळी उचलून घरी आणणं हा छंद नव्हे. त्याच्यासाठी त्याचं बीळच सर्वांत सुरक्षित घर आहे, भर पावसातसुद्धा.