युद्धाचा ठराव आणि न विचारलेली माणसे

८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने इराकवरील आक्रमणाविषयी एक ठराव एकमताने संमत केला. त्याआधी पक्षांचा वाद झाला तो एका शब्दावरून. अमेरिकेचा कडक शब्दांत निषेध करावा असे विरोधकांचे म्हणणे, तर सरकारला सौम्य शब्द हवा होता. अखेर हिंदीत 'निंदा' आणि इंग्रजीत त्याहून मवाळ शब्द अशी तडजोड झाली. पुढे आपले सैन्य इराकला धाडायचे की नाही, हा खरा प्रश्न आला तेव्हा १४ जुलैला मंत्रिमंडळाच्या समितीने नकार दिला. सभागृहाने त्यावर मतदान केले नाही, आणि करावे असे आपली घटनाही सांगत नाही. परदेशी सैन्य पाठविण्यावर या देशातल्या प्रतिनिधींना मताचा हक्क कधी होता, या प्रश्नाचा माग काढत मी १९३९पर्यंत पोहोचलो.

तेव्हा तर तो हक्क नव्हताच. १९३५च्या कायद्याने संरक्षण आणि परराष्ट्रसंबंध गव्हर्नर-जनरलच्या मुठीत ठेवले होते. ऑगस्ट १९३९मध्ये हिंदी फौजा इजिप्त, एडन आणि सिंगापूरकडे रवाना झाल्या. निषेध म्हणून काँग्रेसने मध्यवर्ती कायदेमंडळातील आपल्या सभासदांना पुढच्या अधिवेशनाला जाऊ नका असे सांगितले. ३ सप्टेंबरला लिनलिथगोने कोणालाही न विचारता देश युद्धात असल्याचे जाहीर करून टाकले. प्रांतिक विधानसभांच्या हाती उरला तो केवळ खेदाचा ठराव. मुंबई विधानसभेत तो ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पंतप्रधान बाळासाहेब खेर यांनी मांडला. (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत.) हिंदी जनतेच्या संमतीवाचून देशाला युद्धात गोवले, हा ठरावाचा गाभा होता.

आमच्याकडच्या पाठ्यपुस्तकी इतिहासाने या ठरावाभोवती दोन रांगा उभ्या केल्या आहेत. एका रांगेत देशभक्त आणि दुसऱ्या रांगेत सरकारधार्जिणे. दुसऱ्या रांगेत लीगवाल्यांबरोबर स्वतंत्र मजूर पक्षालाही उभे करण्यात येते. नाशिकचे भाऊराव कृष्णाजी गायकवाड, आमचे दादासाहेब, याच पक्षाचे आमदार. काळाराम मंदिराच्या पायऱ्यांवर ज्यांच्या नेतृत्वाखाली १९३० ते १९३५ सत्याग्रह चालला, त्यांना सरकारधार्जिणे म्हणण्याआधी कोणी थोडा विचार करायला हवा होता.

२६ ऑक्टोबरला बाबासाहेब या ठरावावर बोलले. देशाला न विचारता युद्धात ओढले, याचे समर्थन त्यांनी कधीच केले नव्हते. त्यांनी अडवले ते दुसऱ्याच ठिकाणी. माझे हित आणि देशाचे हित यांत झगडा आला तर मी देशाला अग्रक्रम देईन, पण देशाचे आणि अस्पृश्यांचे हित आमनेसामने आले तर अस्पृश्यांच्या बाजूने उभा राहीन, असा त्या भाषणाचा आशय होता. आपण समग्राचा भाग नसून वेगळा भाग आहोत, हेही त्यांनी ऐकवले. या वाक्यांवर आजवर पुष्कळ शाई सांडली. बहुतेकांनी ती देशप्रेमाच्या तराजूत तोलली. मला ती संसदीय युक्तिवाद म्हणून अधिक महत्त्वाची वाटतात. काँग्रेस ब्रिटिशांना विचारीत होती, आमची संमती का घेतली नाही? बाबासाहेबांनी तोच सवाल काँग्रेसकडे वळवला. ज्यांच्या वतीने तुम्ही संमती देणार किंवा नाकारणार, त्यांना तुम्ही विचारले आहे काय?

हा सवाल पोकळ नव्हता. त्या वेळी मताचा अधिकार जमीन, कर आणि शिक्षण यांवर ठरे. गावकुसाबाहेरच्या किती माणसांकडे यांतले काही होते? आणखी एक अट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. सैन्यातून निवृत्त झालेल्या शिपायालाही मत मिळत असे. म्हणजे ज्याला सातबारा नाही, शाळा नाही, त्याला पलटण हीच मतपेटीची वाट. परंतु महारांना ही वाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताने बंद केली होती. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले, शिवराम जानबा कांबळे यांनी केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१मध्ये मोडली गेली. देवळालीची छावणी आमच्या नाशिकच्या उशाशी. परदेशी जाणारे-येणारे गोरे सैनिक तिथे बोटीची वाट पाहत थांबत. त्या छावणीभोवतीच्या गावांतल्या महाराला मात्र पलटणीत नाव घालायला जागा नव्हती. युद्ध नको असे ठरवायला जसा त्याला वाव नव्हता, तसा युद्धात जायलाही नव्हता.

ठराव बहुमताने संमत झाला. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. राजीनामा हे मंत्रिपद असलेल्यांचे हत्यार आहे. नसलेल्यांना त्याचा काय उपयोग? कायद्याच्या ९३व्या कलमाखाली गव्हर्नराचा कारभार सुरू झाला आणि १९४६पर्यंत सभागृहाला कुलूप लागले ते सर्वांसाठीच. खोती नष्ट करणारे विधेयक बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ला मांडले होते. महार वतनाचा १८७४चा कायदा बदलण्याचा त्यांचा प्रयत्नही याच सभागृहातला. दोन्ही तडीस गेले नाहीत. काँग्रेसच्या राज्यात ती रखडली हे खरे, पण निदान तिथे उभे राहून मंत्र्याला जाब विचारता येत होता. तीही सोय गेली.

त्याचा अर्थ नाशिक जिल्ह्याला दोन वर्षांतच कळला. सरकारने वतनी जमिनींवरील जुडी वाढवली. विधानसभा असती तर दादासाहेबांसारख्या सभासदाने प्रश्न टाकला असता, कपातसूचना आणली असती. ती नव्हती. म्हणून ऑगस्ट १९४१मध्ये सिन्नरला महार, मांग आणि वेठियांची परिषद भरली आणि बाबासाहेबांना तिथे या करवाढीविरुद्ध उभे राहावे लागले. जे मुंबईच्या कौन्सिल हॉलमध्ये बोलायचे, ते सिन्नरच्या मांडवात बोलावे लागले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ ऑक्टोबर १९४१ला, बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. युद्ध पेटले होते आणि सरकारला पुन्हा माणसे हवी होती.