छिन्नमनस्कता : जैविक खुणांचा शोध

छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) हा मानसिक आजार रक्त, लघवी, त्वचा, मेंदूच्या प्रतिमा किंवा जनुके यांच्या तपासणीतून ओळखता यावा, यासाठी चाललेले संशोधन. मधुमेहाच्या निदानाला रक्तातील साखरेचा आधार असतो. तसा आधार या आजाराला अद्याप मिळालेला नाही.

पूर्वपीठिका : स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉइलर यांनी १९०८ मध्ये आजाराला ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले. १९६२ मध्ये अमेरिकेत रुग्णांच्या लघवीची कागदी वर्णलेखनाने तपासणी करताना एक गुलाबी ठिपका दिसला आणि खूण सापडली असे वाटले. पुढे तो निरोगी माणसांच्या लघवीतही आढळला. १९७६ मध्ये ईव्ह जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनद्वारे जुनाट रुग्णांच्या मेंदूतील पोकळ्या मोठ्या झाल्याचे दाखवले. हा सरासरीतला फरक होता. निरोगी आणि रुग्ण यांची मापे एकमेकांत मिसळत असल्याने एकट्या रुग्णाच्या निदानाला त्याचा उपयोग झाला नाही.

पुण्यातील संशोधन : या शोधात पुण्याचा ठळक वाटा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील प्रभाकर रांजेकर आणि मेडिकल कॉलेज ऑफ जॉर्जियातील साहेबराव महाडिक यांच्या गटांनी रक्तातील तांबड्या पेशींच्या पटलावर लक्ष केंद्रित केले. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा तपासायला मिळत नाही. तांबड्या पेशी मात्र सुईने घेतलेल्या रक्तात मिळतात आणि त्यांच्या पटलातही मेंदूतल्यासारखी मेदाम्ले असतात. औषधांनी रक्तातील घटक बदलतात, म्हणून एकही औषध न घेतलेल्या रुग्णांचे नमुने मोलाचे ठरले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा रुग्णांत अॅरॅकिडोनिक आणि डोकोसाहेक्झाइनॉइक (डीएचए) ही मेदाम्ले कमी होती, तर मेदाच्या ऑक्सिडीभवनातून तयार होणारी पेरॉक्साइडे जास्त होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात ३३ रुग्णांना चार महिने ओमेगा-३ मेदाम्ले, ई आणि क जीवनसत्त्वे दिल्यावर लक्षणे सौम्य झाली. मात्र त्यात तुलनेसाठी बनावट गोळी घेणारा गट नव्हता. आणखी एका तपासणीत द्विध्रुवी विकाराच्या रुग्णांतही डीएचए कमी आढळले. म्हणजे खूण खरी असली, तरी ती याच आजाराची नव्हे.

त्वचा आणि जनुके : हाताच्या त्वचेवर नायसिनचे द्रावण लावले की निरोगी माणसाची त्वचा काही मिनिटांत लाल होते, बऱ्याच रुग्णांत ही लाली फिकी पडते किंवा उशिरा येते. लाली आणणारी रसायने अॅरॅकिडोनिक अम्लापासून बनत असल्याने या चाचणीचा वरील संशोधनाशी थेट संबंध लागतो. जनुकांबाबत आंतरराष्ट्रीय गटाने २०१४ मध्ये १०८ आणि २०२२ मध्ये २८७ जनुकीय ठिकाणे आजाराशी जोडली. एकेका ठिकाणाचा परिणाम अत्यल्प असल्याने त्यांवरून व्यक्तीचे निदान होत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत ५१ घटक मोजणारी रक्तचाचणी विक्रीस आली आणि काही वर्षांतच बंद पडली.

सद्यःस्थिती : निदान आजही रुग्णाची मुलाखत, घरच्यांनी सांगितलेली हकिकत आणि लक्षणांचा कालावधी यांवरच होते. आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणानुसार लक्षणे किमान एक महिना, तर डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार आजाराच्या खुणा किमान सहा महिने असाव्या लागतात. रक्ततपासणी आणि स्कॅन केले जातात ते थायरॉइडचे विकार, बी-१२ ची कमतरता, मेंदूदाह यांसारखी इतर कारणे वगळण्यासाठी. महाराष्ट्रातील ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. पण निदानाला महागडे यंत्र लागत नसल्याने मराठवाड्यातील औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वरसारख्या गावातील रुग्णाची पहिली तपासणी प्रशिक्षित डॉक्टर जिल्हा रुग्णालयातही करू शकतो. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या शासकीय दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे.