शरद ते हेमंत : वहीपूजनाचा कार्तिक

आश्विन-कार्तिक हा शरद ऋतू. मार्गशीर्षापासून हेमंत लागतो. या संधिकाळात जैनांचे जुने वर्ष सरून नवे उजाडते. नलगंगेकाठच्या मलकापुरात कापसाचा हंगामही याच सुमारास सुरू होतो. त्यामुळे येथील व्यापारी कुटुंबांच्या दिवाळीत धर्म आणि व्यवहार यांची सरमिसळ झाली, यात नवल नाही.

भगवान महावीरांच्या निर्वाणाची तिथी ग्रंथांत कार्तिक कृष्ण अमावस्या अशी दिलेली असते, तर मराठी पंचांगात ती आश्विन अमावस्या असते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावस्येला. दिवस मात्र एकच. दुसऱ्या दिवशी वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष लागते. परंपरेने निर्वाणाचे वर्ष इ. स. पूर्व ५२७ मानले आहे. आचार्य जिनसेनांनी शके ७०५ मध्ये, म्हणजे इ. स. ७८३ मध्ये, रचलेल्या हरिवंशपुराणात पावानगरीच्या दीपोत्सवाचे वर्णन आहे. पहाटेचा निर्वाण लाडू आणि सायंकाळचे वहीपूजन एकाच दिवशी येते, त्यामागे ही दीर्घ परंपरा आहे.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूरवरून पुढे जात १८६७ साली नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. दसऱ्यानंतर वेचणी, दिवाळीला नवी वही, मग खरेदी, असा तो क्रम. जुन्या वहीतील येणे-देणे मिटवून शिल्लक नव्या वहीत ओढली जाई. श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रताला त्या आकड्यामुळे प्रत्यक्ष आधार मिळे; मर्यादा ओलांडली की नाही, हे वहीच सांगे. खोटे वजन-माप हा अचौर्यव्रताचा अतिचार मानला असल्याने तराजूही या हिशेबातून सुटत नसे.

आयकर कायद्यातील बदलामुळे १९८९-९० या आकारणी वर्षापासून सर्वांना ३१ मार्चला संपणारे वर्ष बंधनकारक झाले. हिशेबाचे वर्ष चैत्राकडे सरकले. दिवाळीला पूजेची वही राहिली. कुंकवाचे स्वस्तिक तेच, पण आतली पाने पुष्कळदा कोरी. सोय झाली हे खरे, तथापि व्रत आणि हिशेब यांची वर्षातून एकदा होणारी गाठ सुटली. ही हानी संगणकाने भरून निघणारी नव्हे.

श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी असते. त्या दिवशी ग्रंथांचे पूजन होते. पुढे कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो. पावसाळ्यात उपजलेल्या सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी म्हणून चार महिने थांबलेले साधु-साध्वी पायी विहाराला निघतात. श्रावक त्यांना वेशीपर्यंत पोहोचवतात, तेव्हा समोरून कापसाच्या गाड्या गावात येत असतात.