आकडे पडणारी घड्याळं आणि आमच्याकडचा करंट

अळणावर, धारवाड, हुबळी या बाजूच्या जुन्या मराठी घरांत एक वस्तू आता सापडलीच तर माळ्यावर सापडते. आकडे पडणारं घड्याळ. काटे नाहीत, दर मिनिटाला एक पट्टी टप्पकन खाली पडते आणि पुढचा आकडा दिसतो. सत्तरच्या दशकात कुवेत, मस्कत, दुबईला गेलेले कुणाचे मामा, कुणाचे भावोजी ही घड्याळं टेपरेकॉर्डरबरोबर घेऊन यायचे. निवृत्तीनंतर मी ती गोळा करून चालू करायला लागलो. १४ जमली, त्यातली ११ चालतात.

मूळ काम इटलीतलं. सोलारी हे घड्याळवाल्यांचं घराणं १७२५ पासूनचं. उदिने गावातल्या त्यांच्या कारखान्यासाठी जीनो वाल्ले या आर्किटेक्टने आखलेल्या 'चिफ्रा ५' घड्याळाला १९५६ साली तिथला मोठा डिझाइन पुरस्कार मिळाला. विमानतळांवर खडखड करत गाड्या-विमानांची नावं बदलणारे जुने फलकही याच पट्ट्यांचे. नंतर जपानच्या कोपाल कंपनीने हे यंत्र छोटं आणि स्वस्त केलं. सोनीच्या डिजिमॅटिक रेडिओ-घड्याळांतही हेच पट्ट्यांचं काम.

पट्टीची युक्ती साधी आहे. समोर एका आकड्याचा वरचा अर्धा भाग, पाठीमागे पुढच्या आकड्याचा खालचा अर्धा. पट्टी पडली की दोन्ही कामं एकदम होतात.

रात्री दिसावं म्हणून बऱ्याच घड्याळांत निऑनचा नारिंगी दिवा असतो. मला मात्र काळ्या प्रकाशाची घड्याळं जास्त आवडतात. त्यांत एक बारीक नळी अतिनील किरण टाकते. ते डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत, पण आकड्यांचा खास रंग ते शोषून घेतो आणि स्वतः उजळतो. अंधारात घड्याळ दिसतच नाही, नुसते आकडे तरंगतात. आम्हा बँकवाल्यांना यात नवल नाही. कॅश काउंटरवरचा नोटा तपासायचा दिवा तो हाच. १९९६ पासूनच्या महात्मा गांधी मालिकेच्या नोटांवरचे नंबर आणि कागदातले तंतू त्याच्याखाली असेच चमकतात.

आता मुद्द्याचं. या घड्याळांना आपल्याकडे कायम नावं ठेवली गेली. "दिसायला छान, पण वेळ दाखवत नाही." संध्याकाळी मागे पडायची, पावसाळ्यात मध्यरात्रीनंतर कधी पुढेही जायची. मग मोरबीची अजंता क्वार्ट्झ भिंतीवर आली आणि हे गेलं माळ्यावर.

दोष बहुतेक वेळा घड्याळाचा नव्हताच. याची मोटर विजेच्या सायकलींवर फिरते. सेकंदाला बरोबर ५० सायकली आल्या तर वेळ बरोबर. मागणी पुरवठ्याच्या वर गेली की सायकली कमी होतात. नव्वदच्या दशकात दक्षिणेच्या ग्रिडमध्ये फ्रिक्वेन्सी ४९ च्या खाली, कधी ४८ च्या आसपास जायची. हिशेब करून बघा. ४८.५ वर घड्याळ तासाला १ मिनिट ४८ सेकंद मागे पडतं. संध्याकाळचे ४ तास तसे गेले तर ७ मिनिटं गेली. म्हणजे घड्याळ चुकत नव्हतं, आलेल्या करंटची चोख नोंद ठेवत होतं. लाइट गेली की तिथेच थांबायचं, आली की तिथूनच पुढे. किती वेळ अंधार होता हे त्याच्यावरूनच कळायचं!

१ जानेवारी २००३ पासून दक्षिणेत नवी दरपद्धत आली. फ्रिक्वेन्सी पडलेली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज उचलली की दर चढा. ओव्हरड्राफ्टवरच्या दंडव्याजासारखंच म्हणा ना. शिस्त तिथून लागली. मग ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड देशाच्या ग्रिडबरोबर एका तालात फिरायला लागलं. कर्नाटक आणि महाराष्ट्र निदान या बाबतीत तरी जुळले. आता पट्टा ४९.९० ते ५०.०५ असा ठरलेला आहे. खालच्या टोकाला राहिलं तरी दिवसाचा फरक ३ मिनिटांच्या आत.

दुरुस्तीचं थोडं. मोटर कुरकुरते किंवा अडते ती बहुधा आतलं तेल वाळल्यामुळे. डबीला बारीक भोक पाडून घड्याळाच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडले की पुष्कळदा फिरायला लागते. काळ्या प्रकाशाची नळी गेली तर तशी मिळणं कठीण, म्हणून मी अतिनील एलईडी बसवतो. आकड्यांचा रंग मात्र विटला तर विटला. तो नव्याने फासून घड्याळ कोरं करणारे आहेत, मला ते पटत नाही.

माळ्यावर असं घड्याळ सापडलं तर लगेच प्लगात घालू नका. आधी मागची पट्टी वाचा. अमेरिकेहून आलेलं असेल तर ते ११० व्होल्टचं, २३० वर जळेल. सौदीहून आलेलं असेल तर ६० सायकलींचं असू शकतं. आपल्याकडे तासाला १० मिनिटं मागे पडेल. काहींच्या तळाला ५०/६० चं छोटं बटण असतं, ते ५० वर करा. आणि फेकायचंच ठरलं असेल तर आधी मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.